अवतरण : साक्ष आणि अपलाप

एम.ए.च्या वर्गाला संशोधनपद्धती शिकविताना मी वर्षानुवर्षे एकच सूत्र सांगत आले. अवतरण जसेच्या तसे घ्यावे; त्यातील एकही अक्षर बदलू नये; मधला मजकूर गाळल्यास तीन टिंबे द्यावीत आणि पृष्ठक्रमांक अचूक नोंदवावा. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि बहुतेक जण निबंधात ते पाळीतही. हे सूत्र चुकीचे नाही. मात्र ते फार अपुरे आहे, हे मला एका विद्यार्थ्याच्या निबंधाने दाखवून दिले. त्या निबंधाने उपस्थित केलेला प्रश्न पुढे माझ्या स्वतःच्या प्रबंधापर्यंत येऊन पोचला. म्हणून येथे थोडे आत्मकथन अपरिहार्य आहे.

त्या वर्षी 'साक्षीचे साहित्य' या घटकात दुसऱ्या महायुद्धातील काही आठवणी आणि रोजनिश्या भाषांतरांतून वाचल्या जात होत्या. एका हुशार आणि कष्टाळू विद्यार्थ्याने निबंधात असे प्रतिपादन केले होते की, नाझींच्या वायुकोठड्यांविषयी खुद्द इतिहासकारांतच खात्री नाही. सबब या आठवणी 'साक्ष' म्हणून न वाचता 'कथन' म्हणूनच वाचल्या पाहिजेत. आधारासाठी त्याने आर्नो मायर या प्रिन्स्टन विद्यापीठातील इतिहासकाराच्या 1988 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील एक वाक्य उद्धृत केले होते. वायुकोठड्यांच्या अभ्यासाची साधने दुर्मीळ आहेत आणि विश्वसनीयही नाहीत, असा त्या वाक्याचा आशय. अवतरणचिन्हे, ग्रंथनाम, प्रकाशनवर्ष, पृष्ठक्रमांक, सारे यथास्थित होते. प्रतिपादन मला खटकले. तळटिपांना मात्र मी पूर्ण गुण दिले.

यथावकाश मूळ ग्रंथ हाती आला. ते वाक्य तेथे खरोखरच होते. तथापि, ते ज्या विवेचनाचा आरंभ होते त्याचा शेवट अगदी वेगळा होता. साधने दुर्मीळ का, तर नाझींनी आपल्या कृत्यांचे पुरावे पद्धतशीरपणे नष्ट केले म्हणून. उपलब्ध साक्षींत विसंगती आहेत आणि त्या तपासल्या पाहिजेत. परंतु अशा उणिवांमुळे आउश्वित्स येथे ज्यूंच्या सामूहिक हत्येसाठी वायुकोठड्या वापरल्या गेल्या या वस्तुस्थितीवर प्रश्नचिन्ह लावता येत नाही, असा मायर यांचा निष्कर्ष आहे. लक्झेंबर्गमधील ज्यू कुटुंबात जन्मलेल्या आणि 1940 साली जर्मन आक्रमणापुढे कुटुंबासह देश सोडून पळावे लागलेल्या या इतिहासकाराचे एक वाक्य संहार नाकारणाऱ्यांनी जगभर फिरविले आहे. माझ्या विद्यार्थ्यालाही ते अशाच एका लेखनातून मिळाले होते. मूळ ग्रंथ त्याने पाहिला नव्हता. तळटीप मात्र तो पाहिल्यासारखी दिली होती.

ते पान मी त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते दोनदा वाचले आणि म्हणाला, "पण मॅडम, मी एकही शब्द बदललेला नाही."

हे त्याने उद्धटपणे म्हटले नव्हते. माझेच सूत्र तो मला परत करीत होता.

अवतरणाने शब्द राखून अर्थ कसा मोडता येतो, याचे सर्वांत तपशिलवार विवेचन ज्या प्रकरणात झाले त्याकडे मी नंतर वळले. अमेरिकन अभ्यासक डेबोरा लिपस्टाट यांनी 1993 च्या आपल्या ग्रंथात डेव्हिड आयर्विंग या ब्रिटिश लेखकाची गणना संहार नाकारणाऱ्यांत केली. आयर्विंग यांनी 1996 मध्ये लिपस्टाट आणि पेंग्विन ही प्रकाशनसंस्था यांच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. इंग्लंडच्या कायद्यानुसार आपले विधान खरे होते हे सिद्ध करण्याचा भार प्रतिवादींवर येतो. तेव्हा केंब्रिजमधील इतिहासाचे प्राध्यापक रिचर्ड इव्हान्स यांनी दोन संशोधक विद्यार्थ्यांच्या साहाय्याने आयर्विंग यांच्या ग्रंथांतील तळटिपांचा माग काढीत मूळ कागदपत्रे गाठली आणि सातशेहून अधिक पानांचा अहवाल सादर केला. छावण्यांतून वाचलेल्यांना साक्षीसाठी बोलवावयाचे नाही, असे प्रतिवादींनी ठरविले होते. आपला खटला स्वतः चालविणाऱ्या आयर्विंग यांच्या उलटतपासणीला त्यांनी सामोरे जावे, हे त्यांना मान्य नव्हते. परिणामी न्यायालयात उभे राहिले ते मुख्यतः कागद, आणि वादाचा विषय झाला तो कागद उद्धृत करण्याची रीत. न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे यांनी 11 एप्रिल 2000 रोजी तीनशेहून अधिक पानांचे निकालपत्र देऊन दावा फेटाळला.

त्यातील एक कागद अवघ्या चार ओळींचा आहे. 30 नोव्हेंबर 1941 रोजी दुपारी दीडच्या सुमारास हाइनरिश हिमलर याने हिटलरच्या पूर्वेकडील मुख्यालयातून प्राग येथे राइनहार्ड हायड्रिश याला दूरध्वनी केला आणि संभाषणाचे मुद्दे स्वहस्ते टिपून ठेवले. पहिल्या ओळीत एका डॉक्टरच्या अटकेचा, तर दुसरीत मोलोटोव्हच्या तथाकथित मुलाचा उल्लेख आहे. तिसऱ्या ओळीचा अर्थ 'बर्लिनहून ज्यूंची गाडी' आणि चौथीचा 'संहार नको'. आयर्विंग यांनी 1977 च्या आपल्या हिटलरविषयक ग्रंथात या नोंदीतून काढलेला निष्कर्ष असा की, हिटलरने हिमलरला बोलावून घेतले आणि ज्यूंचा संहार होता कामा नये असा आदेश द्यावयास लावले. चौथी ओळ त्यांनी शब्दशः खरी उद्धृत केली होती. परंतु तिसऱ्या ओळीतील 'गाडी' एकवचनी आहे. आदेश होता तो एका विशिष्ट गाडीपुरता. त्याचा समस्त ज्यूंशी संबंध जोडला गेला तो तिसरी ओळ चौथीपासून तोडल्यामुळे. जर्मन इतिहासकार मार्टिन ब्रोशाट यांनी त्याच वर्षी यावर बोट ठेवले होते. शिवाय, हिमलरची दैनंदिनी पुढे मॉस्कोतील संग्रहात सापडली आणि 1999 मध्ये संपादित होऊन प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार त्या दिवशी हिमलर हिटलरसोबत भोजनास बसला तो अडीच वाजता, म्हणजे दूरध्वनीनंतर. हिटलरने त्याला बोलावून हा आदेश द्यावयास लावले, याला त्या कागदात कोठेही आधार नाही.

वाचनाच्या शिस्तीच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. 'या गाडीतील लोकांना मारू नका' असे सांगण्याची गरज कोणत्या परिस्थितीत पडते? जेथे न सांगितल्यास मारले जाण्याची शक्यता असते, तेथेच. त्याच आठवड्यात, 25 आणि 29 नोव्हेंबरला, बर्लिन, म्युनिक, फ्रँकफर्ट, व्हिएन्ना आणि ब्रेस्लाऊ येथून लिथुआनियातील कौनास येथे आणलेल्या पाच गाड्यांतील सुमारे 4,900 ज्यूंना तेथील नवव्या किल्ल्यात गोळ्या घालण्यात आल्या होत्या. हा परिसर नजरेसमोर ठेवला की तीच चौथी ओळ आयर्विंग यांच्या विरुद्ध साक्ष देऊ लागते. निषेध हा नियमाचा अपवाद सांगत असतो, आणि अपवादावरून नियम ओळखता येतो.

त्या गाडीचे काय झाले, हेही येथे नोंदविले पाहिजे. 27 नोव्हेंबरला बर्लिनहून सुटलेली ती गाडी लाटव्हियातील रीगा येथे पोचली होती. तिच्यातील एक हजाराहून अधिक माणसांना 30 नोव्हेंबरला सकाळीच शहराबाहेरच्या रुम्बुला अरण्यात गोळ्या घालण्यात आल्या. दुपारी दूरध्वनी झाला तेव्हा 'संहार नको' हे शब्द ज्यांच्यासाठी होते त्यांच्यातले कोणी उरले नव्हते. त्या दिवशी आणि 8 डिसेंबरला मिळून रुम्बुला येथे सुमारे 25,000 ज्यू मारले गेले. या अरण्याचे नाव त्या चार ओळींत येत नाही. परंतु ते वगळून त्या ओळींचा अर्थ लावणे याला मी आता वाचन म्हणू शकत नाही.

दुसऱ्या दिवशीची, 1 डिसेंबरची नोंद तर अधिक बोलकी आहे. हिमलरने ओस्वाल्ड पोल याच्याशी झालेल्या संभाषणात एस.एस.च्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी राहावयाचे आहे, असे टिपले होते. त्या हस्ताक्षरातील 'राहणे आहे' अशा अर्थाच्या वाक्यरचनेतील 'हाबेन' हे सहायक क्रियापद आयर्विंग यांनी 'युडेन', म्हणजे 'ज्यू', असे वाचले आणि ज्यूंना आहेत तेथेच राहू द्यावे असा आदेश निर्माण झाला. हस्तलिखित वाचताना चूक कोणाचीही होते. आपल्याकडे पोथ्यांवर आणि मोडी कागदांवर काम करणाऱ्यांना हे सांगावयास नको. प्रश्न असा की, ही चूक कोणत्या दिशेला झाली.

काही वेळा तर गाळण्याचीही गरज नसते. क्रम बदलला तरी पुरते. हंगेरीचा राज्यप्रमुख हॉर्टी याच्याशी हिटलरची भेट 16 आणि 17 एप्रिल 1943 रोजी क्लेसहाइम येथे झाली. 17 तारखेच्या वृत्तान्तात परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप ज्यूंना नष्ट तरी केले पाहिजे किंवा छावण्यांत तरी पाठविले पाहिजे असे सांगतो, आणि हिटलर त्यांची तुलना क्षयाच्या जंतूंशी करतो. आदल्या दिवशी, वेगळ्या ओघात, हत्येची गरज नाही अशा अर्थाचे एक सौम्य वाक्य हिटलरच्या तोंडी आहे. आयर्विंग यांनी ते 16 तारखेचे वाक्य 17 तारखेच्या संभाषणात बसविले आणि त्या दिवसाच्या कठोर उद्गारांची धार बोथट झाली. दोन्ही दिवसांची वाक्ये खरी. त्यांची मांडणी मात्र असत्य. न्यायालयाने इव्हान्स यांची ही टीका ग्राह्य धरली.

येथे समीक्षेच्या अभ्यासकाला एक अडचण जाणवते. संदर्भापासून तोडल्याशिवाय अवतरण घेताच येत नाही. जॅक देरिदा यांनी 1971 च्या आपल्या सुप्रसिद्ध व्याख्यानात हेच मांडले आहे. प्रत्येक चिन्ह उद्धृत करता येते, आपल्या संदर्भापासून सुटून नव्या संदर्भात रुजू शकते, आणि ही शक्यता म्हणजे चिन्हावर ओढवणारा अपघात नव्हे, तर चिन्ह असण्याची अटच होय. नव्वदीच्या दशकात आपल्याकडील चर्चासत्रांत हा विचार उत्साहाने मांडला गेला. मीही तो मांडला आहे. पण देरिदांच्या त्याच युक्तिवादाचा उत्तरार्ध असा की, चिन्हाला संदर्भाबाहेर मूल्य असते असे यातून सिद्ध होत नाही. उलट, संदर्भच तेवढे असतात. आम्ही बहुधा पूर्वार्धच उद्धृत करीत आलो. अवतरणाच्या सिद्धान्तालाही अर्धे अवतरण लाभावे, हा केवळ योगायोग नसावा. अर्ध्या विधानाचा आपल्याला नेहमीच अधिक उपयोग असतो.

याच सुमारास, 1990 मध्ये, साउल फ्रिडलँडर यांनी लॉस एंजेलिस येथे भरविलेल्या परिषदेत हेडन व्हाइट आणि कार्लो गिंझबर्ग यांच्यातील मतभेद पुढे आला. इतिहासलेखन ही कथानकरचना आहे असे मानले तर वंशसंहाराची खरी आणि खोटी कथानके कशाच्या आधारे वेगळी करावयाची, हा तेथील कळीचा प्रश्न होता. माझ्या विद्यार्थ्याने 'साक्ष' आणि 'कथन' यांत केलेला भेद याच वादाची उसनी आणि पातळ आवृत्ती होता, आणि ती त्याला आमच्याच व्याख्यानांतून मिळाली होती. संहार नाकारणाऱ्यांचे लेखन आणि आमची तात्त्विक भाषा यांचा त्याच्या निबंधात झालेला संगम मला अस्वस्थ करून गेला. दोहोंचा हेतू एक नव्हता; पण एकाने दुसऱ्याला वाट मोकळी करून दिली होती.

अर्थनिर्णयाची याहून काटेकोर शिस्त आपल्या परंपरेत आहे, याची आठवण मला तेव्हा झाली. मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी सहा गमके सांगितली आहेत : उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या विषयप्रवेशातच गीतेचे तात्पर्य ठरविण्यासाठी ही कसोटी पुढे केली आहे; एखादा सुटा श्लोक उचलून संप्रदायाला सोयीचा अर्थ काढण्याच्या रीतीला त्यांचा आक्षेप होता. टिळकांचा निष्कर्ष सर्वांनी मान्य केला नाही, पण कसोटी नाकारण्याचे कारण कोणाला सापडलेले नाही. ती येथे लावून पाहावी. मायर यांच्या बाबतीत उपक्रम घेतला गेला आणि उपसंहार टाकला गेला. हिमलरच्या टिपणात उलट झाले : उपसंहाराची ओळ घेतली आणि विषय सांगणारी तिच्या आधीची ओळ बाजूला पडली. हॉर्टी-भेटीत उपक्रम-उपसंहार दोन्ही राहिले. मोडला तो क्रम. धर्मराजाने रणांगणावर उच्चारलेल्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. 'हत्ती' हा शब्द तेवढा हळू उच्चारला गेला, आणि द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. 'नरो वा कुंजरो वा' हा वाक्प्रचार आपण टाळाटाळीसाठी वापरतो. खरे तर त्याचे मूळ युद्धकालीन अवतरणाच्या प्रश्नात आहे.

तथापि, एखाद्या अवतरणात झालेला दोष अज्ञानाचा की हेतूचा, हे एका उदाहरणावरून ठरत नाही. येथे न्यायमूर्ती ग्रे यांनी वापरलेला निकष मला मोलाचा वाटतो. प्रामाणिक चुका विखुरलेल्या असतात. काही लेखकाच्या मताला पोषक तर काही मारक ठरतात. आयर्विंग यांच्या चुका मात्र एकाच दिशेने, हिटलरला दोषमुक्त करण्याच्या दिशेने, एकवटत होत्या. हाताची चूक आणि मनाचा कल यांतील भेद दाखविणारी ही कसोटी आहे.

ती वाचली आणि मी माझा पीएच.डी.चा प्रबंध कपाटातून काढला. साठोत्तरी कादंबरीच्या भाषेविषयीच्या त्या प्रबंधात टिंबे दिलेली 34 अवतरणे निघाली. मूळ ग्रंथ आणि नियतकालिकांचे जुने अंक शोधून ती सारी ताडून पाहण्यात माझी एक उन्हाळ्याची सुट्टी गेली. 23 ठिकाणी गाळलेला मजकूर खरोखरच अनावश्यक होता. उरलेल्या 11 ठिकाणी तो गाळल्याने विधानाचा अर्थ बदलत होता, आणि त्या अकराही ठिकाणी झालेला बदल माझ्या प्रतिपादनाला सोयीचा होता.

त्यांतील एक अवतरण सांगते. एका ज्येष्ठ समीक्षकाने लिहिले होते की, या कादंबऱ्यांतील बोली पुष्कळदा अलंकारासारखी वापरली जाते. परंतु मोजक्या श्रेष्ठ कृतींत ती पात्रांच्या जाणिवेचा आकार होते. 'परंतु'च्या आधी मी टिंबे दिली आणि पुढील दहा पाने त्या समीक्षकाचे खंडन करण्यात घालविली. त्यांनी जे म्हटलेच होते तेच मी माझा शोध म्हणून मांडले. पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा, हा आपल्या शास्त्रचर्चेचा दंडक. मी तो आधी पांगळा केला आणि मग जिंकले. परीक्षकांनी हरकत घेतली नाही. ते समीक्षक तोवर निवर्तले होते. त्यांच्याकडूनही हरकत येण्याचा संभव नव्हता.

बोलीविषयीच्या एका विधानाची आणि रुम्बुलाच्या अरण्याची तुलना करणे हा औचित्यभंग ठरेल. ती मी करीत नाही. एकात एका मृत लेखकाच्या मतावर अन्याय झाला. दुसऱ्यात हजारोंच्या मृत्यूचाच अपलाप झाला. हेतूही एक नव्हता. पण कृतीची जात तीच होती, आणि ते मला आयर्विंग यांचे प्रकरण वाचेपर्यंत दिसले नाही, ही गोष्ट मी टाळू शकत नाही. टिंबे पाहताच वाचक एक अलिखित करार स्वीकारतो : येथे काही गाळले आहे, पण अर्थाला बाध येत नाही. बहुतेक वाचक मूळ ग्रंथापर्यंत जात नाहीत, जाऊ शकत नाहीत. जर्मन हस्ताक्षरातील टिपण कोब्लेंझच्या अभिलेखागारात जाऊन वाचणे तर फारच थोड्यांना शक्य होते. ज्यांच्याविषयी ते टिपण होते ते तर तक्रार करावयास उरलेच नव्हते. वाचकाची असहायता आणि मृतांचे मौन यांच्यामध्ये अवतरण देणारा एकटा उभा असतो. आपल्या सचोटीला साक्षीदार नाही, हे त्यालाच ठाऊक असते.

प्रबंधाचे ग्रंथरूप पुढे सिद्ध झाले तेव्हा मी ती अकरा अवतरणे पूर्ण दिली. एक प्रकरण त्यामुळे निम्म्यावर आले, कारण ज्याचे खंडन करावयाचे ते शिल्लकच राहिले नाही. प्रस्तावनेत त्याची कबुली दिली आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातील टंकलिखित प्रत मात्र जशी होती तशीच आहे. तिच्यातून कोणी अवतरण घेतलेच, तर ते शब्दशः अचूक असेल.

त्या विद्यार्थ्याला मी निबंध पुन्हा लिहावयास सांगितले. त्याने विषय बदलला नाही. मायर यांचे संपूर्ण विवेचन त्याने स्वतः भाषांतरित करून आरंभी दिले आणि आपल्याला ते वाक्य कोणत्या लेखनातून मिळाले होते, हे तळटिपेत लिहिले. दुसरा निबंध पहिल्याइतका सफाईदार नव्हता. त्यातील निष्कर्ष जागोजागी अडखळत होते. गुण देताना मी बराच वेळ थांबले, कारण तळटिपांसाठी पूर्ण गुण मी त्याला आधीच देऊन बसले होते. आता वर्गाला ते जुने सूत्र सांगून झाले की मी हिमलरच्या टिपणातील दोन ओळी फळ्यावर लिहिते. प्रथम फक्त चौथी ओळ लिहिते आणि अर्थ विचारते. मग तिच्यावर तिसरी लिहिते. त्यानंतर गाडीचा दिवस, गावाचे नाव आणि त्या सकाळची हकीगत सांगते. वर्गात कोणीच बोलत नाही. त्यानंतर प्रत्येकाने स्वतःच्या निबंधातील टिंबे दिलेले एक अवतरण काढावे, गाळलेला मजकूर शेजारी लिहावा आणि तो कोणाच्या सोयीसाठी गाळला, हे एका वाक्यात सांगावे, असा स्वाध्याय देते. पहिल्या वर्षी तो स्वाध्याय मी स्वतःही वर्गाबरोबर लिहिला.